जगाचं व्होल्टेज

त्यांच्याबद्दल गावात आज जे सांगतात, त्यातलं बरंचसं मीच सांगितलेलं आहे. नागपूरच्या रेडिओ केंद्रानं त्यांची टेप नाकारली, तो नकार त्यांच्या डोक्यात गेला आणि आपल्याच हातानं त्यांनी कित्येक वर्षांचं काम पुसून टाकलं, असा तो किस्सा. माझ्या निवृत्तीच्या निरोपसमारंभात मी तो चांगला रंगवून सांगितला होता. लोक हसले, शेवटी थोडे हळहळले. आता मी ऐंशी ओलांडली आहे. तोच किस्सा पुन्हा सांगतो, या वेळी घडला तसा.

गावाचं नाव लिहीत नाही. रिसोडहून वाशिमकडे येताना लागणारं एक बाजाराचं गाव, एवढं पुरे. तेव्हा वाशिम जिल्हा झाला नव्हता, आम्ही अकोल्यात मोडत होतो. मी तिथल्या पोस्टात क्लार्क होतो आणि ते रेडिओ दुरुस्त करायचे. आधी फौजेत, सिग्नलमध्ये. कसल्याशा स्फोटात उजवा कान गेला म्हणून घरी आले. गाव त्यांना बिनतारी म्हणायचं. मी भाऊ म्हणायचो, कारण ते माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे होते. ते मला बाबू म्हणत.

त्या काळी घरात रेडिओ ठेवायला लायसन लागायचं. लोक पुस्तिका घेऊन पोस्टात यायचे आणि आम्ही वर्षाचं तिकीट लावून शिक्का मारायचो. भाऊ पहिल्यांदा माझ्या खिडकीशी आले ते ही पुस्तिका घेऊनच. डावा कान माझ्याकडे वळवून म्हणाले, "बाबू, माह्या घरी सात रेडिओ हायेत. मी एकच ऐकतो. बाकीचे सहा एकमेकायले ऐकतात. त्याईले लायसन लागते का?"

मी नोकरीत नवा होतो. मला वाटलं, थट्टा चालली आहे. "ऐकतात म्हणजे?"

"येऊन पाह्य ना. सरकारी मानूस हायेस तू, चौकशी कर."

मी चौकशीला म्हणून गेलो. बुद्धविहाराच्या मागे त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. आतल्या खोलीत लाकडी पेट्या सोललेले रेडिओ समोरासमोर मांडले होते, त्यांच्या काचेच्या व्हॉल्व्हांतून तांबडा उजेड येत होता. एकाही रेडिओवर स्टेशन लागलेलं नव्हतं. भाऊंनी दोन रेडिओंच्या काट्यांना हलकेच स्पर्श केला तशी एक शीळ उठली. मग त्यांनी मधल्या मोकळ्या जागेत हात धरला. हात जवळ नेला की शीळ खाली यायची, दूर नेला की चढायची. कशालाही न शिवता ते हवेत हात फिरवत होते आणि खोली आवाजानं भरत चालली होती. कोपऱ्यात बॅगेएवढी जुनी टेप होती, नागपूरच्या भंगारातून आणलेली. तिची दोन रिळं फिरत होती.

मी म्हणालो, "कुत्र्याच्या पिल्लासारखा आवाज येतोय."

"कशासारखा म्हनू नको," ते एकदम तुटून म्हणाले. "तो कशासारखा नसते. तो तोच हाय."

हा त्यांचा मोठा नियम होता. पाखरू, झरा, मोट, माणसाचं रडणं, कशाचीही नक्कल करायची नाही. जे वायरीतून येईल तेवढंच टेपवर घ्यायचं. गाणं म्हणाल तर ते गाणं नव्हतं. ताल नाही, शब्द नाही. एक सूर निघायचा, थरथरायचा, दुसरा येऊन त्याला घासायचा. ऐकताना मला कंटाळा यायचा आणि थोडी भीतीही वाटायची. तरी मी जात राहिलो. संध्याकाळी पोस्ट बंद झाल्यावर गावात दुसरं होतं काय?

त्यांच्या बायकोनं पहिल्याच दिवशी चहा आणला. मी म्हणालो, "आत्ताच घेऊन आलो." पुढे वर्षभर मी आत्ताच घेऊन येत होतो. भाऊंनी कधी आग्रह केला नाही. एकदा मात्र ते म्हणाले, "पोस्टात लय चहा होते वाट्टे." त्यानंतर मी तिथे चहा घेऊ लागलो. हेही लिहून ठेवलेलं बरं.

भाऊ सकाळ-दुपार-संध्याकाळच्या बातम्या ऐकायचे, जिथून मिळतील तिथून. दुपारच्या बातम्या झाल्याशिवाय जेवायचे नाहीत. रस्त्यात भेटले की आधी जयभीम करायचे आणि लगेच बातमी द्यायचे. एकदा बाजारात गूळवाल्याला म्हणाले, "जयभीम. सायप्रस पडलं."

"कोन पडलं?"

"सायप्रस."

"लागलं त नाई ना जास्त?"

भाऊ हसले नाहीत. "लागलं," म्हणाले. "लय लागलं." गूळवाला दिवसभर गिऱ्हाइकांना विचारत होता, हा सायप्रस कोणाचा कोण म्हणून.

मला वाटायचं, हजारो मैलांवरच्या गोष्टींनी इतकं खिन्न होणं हा एक चाळाच आहे. मी तसं बोलूनही दाखवायचो. तेव्हा ते मला गिरणीची गोष्ट सांगायचे.

गिरणी त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी होती, पिठाची. ती चालू झाली की आसपासचे दिवे मंद व्हायचे आणि भाऊंचा सूर आपोआप खाली घसरायचा. मी म्हणालो होतो, "भाऊ, यात जगाचं काही नाही. व्होल्टेज पडतं म्हणून सूर पडतो."

"बरोबर," ते म्हणाले. "आता दुष्काळाच्या साली काय झालं सांग. गिरणी बंद. काहून? दळाले जवारी नाई. त्या साली सूर हललाच नाई, सरळ. सहा सहा घंटे सरळ. मी आयुष्यात इतका खराब आवाज ऐकला नाई. मंग मिलो आली. लाल जवारी, अमेरिकेची. गिरणी पुन्हा लागली, माहा सूर उतरला. म्हंजे तिकून जहाज निघालं तवा इथं माहा सूर उतरला. आता सांग, यात जगाचं काई नाई?"

दुसऱ्या वर्षी अरबांची लढाई झाली आणि रॉकेल मिळेनासं झालं. बायका रिकाम्या बाटल्या घेऊन दुकानापुढे बसून असायच्या. भाऊ म्हणाले, "तिकडे तोफ सुटली, इकडे चिमनी इझली." चांगलं वाक्य आहे. पुढे किस्सा सांगताना मी ते माझं म्हणूनही वापरलं आहे.

दर सालाचं एक रीळ अशी त्यांची पद्धत होती. एकाहत्तरच्या रिळात सूर आदळायचे, मधेच तुटायचे. पूर्वेकडच्या लढाईचे ते महिने, लाखो माणसं सीमा ओलांडून येत असल्याच्या बातम्या. बहात्तरचं रीळ त्या सरळ सुराचं. त्र्याहत्तरच्या रिळात आवाज सारखा विझत जायचा, पुन्हा धरायचा. मी या गोष्टी आज समजून लिहितो आहे असं वाटेल. तेव्हा मला एवढंच कळायचं की साल वाईट गेलं तर रीळ अधिक उदास होतं, आणि चांगलं साल काही येत नव्हतं.

पंच्याहत्तरच्या उन्हाळ्यात त्यांनी ही रिळं काढली आणि प्रत्येकातला थोडा थोडा भाग मागून आणलेल्या दुसऱ्या यंत्रावर पुन्हा टेपवर घेऊन, पत्तीनं कापून, चिकटपट्टीनं जोडून एक नवी टेप बांधायला घेतली. एकाहत्तरपासून आजपर्यंतची सगळी एकाच माळेत. पाऊण तासाची. डब्यावर त्यांनी निळ्या शाईनं नाव घातलं: जगाचं व्होल्टेज. नागपूरच्या केंद्राला पाठवायची होती. तिथे नव्या आवाजांचा एक कार्यक्रम होणार आहे, असं त्यांनी रेडिओवरच ऐकलं होतं.

शेवटचा तुकडा व्हायचा होता तेवढ्यात आणीबाणी आली. त्या सकाळची रेडिओवरची घोषणा भाऊंनी टेपवर घेतली. मग अंगठ्यानं रीळ दाबत दाबत ती इतकी संथ केली की शब्द गेले आणि उरलं ते जमिनीखालून येणारं एक लांब हंबरणं. मी दारात उभा होतो. म्हणालो, "भाऊ, हे काढा."

"काहून? वायरीतूनच आलं ना?"

"कोणी ओळखलं तर?"

"ओळखावं म्हनूनच त केलं," ते म्हणाले.

पार्सल त्यांनी पावसाळा संपता संपता आणलं. मांजरपाटात शिवलेलं, टाके बारीक. बायकोनं शिवलं असणार. दोनच दिवस आधी तालुक्याहून पोलिसांचा एक जमादार येऊन, गावात कोणाकडे वायरलेससारखं यंत्र आहे का, असं विचारून गेला होता. आमचे पोस्टमास्तर मला बाजूला घेऊन म्हणाले होते, "बाबू, संशयाचं काही तुझ्या खिडकीतून गेलं तर मी तुले ओळखत नाही." माझं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती, घरात बाळ होतं.

भाऊ म्हणाले, "रजिस्टर कर."

मी म्हणालो, "रजिस्टर केलं की नोंद होते भाऊ. नोंदी पाहायला माणसं येतात. साधंच जाऊ द्या."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. "तुले जास्त समजते."

लाख वितळवून पार्सलाला मोहर मीच लावली. ते गेले. दुपारी एस.टी.नं डाक जायची होती. थैली बांधताना मी ते पार्सल बाहेर काढलं, माझ्या पिशवीत घातलं आणि क्वार्टरवर नेऊन पत्र्याच्या पेटीत सगळ्यात खाली ठेवलं.

त्यांना वाचवण्यासाठी मी हे केलं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. ते अगदीच खोटं नाही. पण टेप पकडली गेली असती तर ती कुठे कुठे वाजली, कोणी कोणी ऐकली, हेही विचारलं गेलं असतं. त्यात माझं नाव निघालं असतं. मी आधी स्वतःला वाचवलं.

दुसऱ्या आठवड्यापासून भाऊ रोज येऊ लागले. डाकेची थैली अकरा वाजता यायची. ते साडेदहालाच येऊन पोस्टाच्या ओट्यावर बसायचे. थैली फुटली, पत्रं लावून झाली की खिडकीशी येऊन डावा कान पुढे करायचे.

"काई?"

"काही नाही भाऊ."

"ऐकून राह्यले असतीन. लंबी हाय."

पावणेदोन वर्षं. मी एक दिवस सुटी घेतली तर दुसऱ्या दिवशी दोनदा विचारायचे. गावातली माणसं त्यांना चिडवायची. "बिनतारी, तारीनं पाठवाची होती ना!" ते चिडत नसत. पोस्टमास्तर तर म्हणायचे, "याले एक खुर्ची देऊन टाका." माझ्याकडे मात्र त्यांनी एकदाही संशयानं पाहिलं नाही, आणि मला तेच सहन होत नव्हतं. संशय घेतला असता तर मी भांडलो असतो, भांडता भांडता कदाचित खरं बोलून गेलो असतो.

सत्त्याहत्तरमध्ये निवडणूक झाली, आणीबाणी उठली. आता पार्सल पाठवायला कसलीच भीती नव्हती. पेटी उघडायची, थैलीत टाकायचं, एवढंच. पण नागपूरहून पोच आली असती, तिच्यावर तारीख असती. इतके दिवस टेप कुठे होती, हे त्यांना कळलं असतं. मी पेटी उघडली नाही.

त्याऐवजी मी वाशिमला गेलो. कोर्टाबाहेर टंकलेखक बसायचे, त्यातल्या एकाकडून एका आंतर्देशीय पत्रावर चार ओळी टाइप करून घेतल्या. आपण पाठवलेली टेप आम्ही पूर्ण ऐकली. प्रयत्न चांगला आहे. परंतु प्रसारणासाठी तिचा उपयोग करता येत नाही, याबद्दल खेद आहे.

टंकलेखक म्हणाला, "नुसता नकार बरा नाही दिसत. काई कारन टाका ना साहेब."

मी म्हणालो, "लिहा. सूर फार उदास आहे. ऐकणाऱ्यांना प्रसन्न वाटेल असं काही केल्यास जरूर विचार करू."

त्या पत्रातलं एवढं एकच वाक्य खरं होतं. ते माझं मत होतं.

खाली 'केंद्रासाठी' असं लिहून मी सहीचं एक वेटोळं काढलं. आमच्याच पोस्टाचा शिक्का हात हलवून मारला, म्हणजे गावाचं नाव उठू नये. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता भाऊ म्हणाले, "काई?" आणि मी पत्र पुढे केलं.

चष्मा आणला नव्हता. म्हणाले, "वाच." मी वाचलं. त्यांचा चेहरा पडेल, मग ते घरी जातील, उद्यापासून येणार नाहीत आणि सगळं संपेल, असा माझा हिशेब होता.

"पैली ओळ पुन्हा वाच."

"आपण पाठवलेली टेप आम्ही पूर्ण ऐकली."

"पूर्न!" भाऊ म्हणाले. त्यांनी खिडकीचे गज दोन्ही हातांनी धरले होते. "बाबू, पूर्न ऐकली त्याईनं. इथं कोनी पाच मिनिटं बसत नाई. तू बी नाई बसत." आणि हसले. मी त्यांना तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी बाजारात भेटेल त्याला ते सांगत होते, "जयभीम. पूर्न ऐकली." सायप्रसबद्दल विचारणाऱ्या गूळवाल्यालाही.

नकाराचं त्यांना काहीच वाटलं नव्हतं. त्यांनी मनावर घेतली ती शेवटची ओळ.

महिन्याभरानं गेलो तेव्हा त्यांच्या टेबलावर एक नवं यंत्र होतं, व्होल्टेज सारखं ठेवणारं. गिरणी चालो की बंद राहो, सूर आता जागचा हलत नव्हता. टेप चालू होती. पण त्या दिवशी ते काही वाजवत नव्हते, रिळं नुसती फिरत होती.

"काय करताय भाऊ?"

"जागा करून राह्यलो. कोरी टेप कुठं भेटते इथं? प्रसन्न कराचं त जागा पाह्यजे."

"हे कोणतं रीळ आहे?"

"बाहात्तरचं. एकाहात्तरचं काल पुसलं."

मी म्हणालो, "अहो, पण..."

"उदासच होते ना सारे. त्याईचं बरोबर हाय. अन् चांगलं चांगलं त नागपूरले गेलंच हाय. ते त्याईच्या जवळ राहीन."

रीळ अजून फिरत होतं. अर्ध्याहून जास्त बाकी होतं. मी एक शब्द बोललो असतो तर ते थांबलं असतं. आयुष्यात केलेल्या कशाहीपेक्षा त्या दोन-चार मिनिटांचा मला जास्त त्रास होतो. चहा आला, तो मी प्यालो आणि टेप संपेपर्यंत बसलो.

पुढची दोन वर्षं ते प्रसन्न टेप करत होते. मला विचारायचे, "बाबू, तू खुश कवा असतं?" मी म्हणालो, "रविवारी." "रविवारी काय होते?" "काही होत नाही." "त्याचा आवाज कसा काढाचा?" आणि खरोखरच विचारात पडायचे. मग त्यांनी बातम्या बंद केल्या. ऐकलं की सूर बिघडते, म्हणायचे. जो माणूस बातम्यांशिवाय जेवत नसे, तो भर दुपारी मुका रेडिओ समोर ठेवून भाकरी खाताना मी पाहिला आहे. रस्त्यात भेटले तर नुसतं जयभीम. त्यापुढे सांगायला त्यांच्याकडे काही नसायचं.

एकदा त्यांनी मला काम ऐकवलं. एक उंच, स्वच्छ सूर. न थरथरणारा. कितीतरी वेळ तो तसाच चालला होता.

"कसं वाट्टे?"

"छान आहे," मी म्हणालो.

"खोटं नको बोलू." त्यांनी बटन फिरवलं. "आता सूर उतरत नाई. पन चढत बी नाई. दुष्काळातला हाय हा, बाबू. तोच आला घुमून."

एकोणऐंशीच्या थंडीत त्यांना कावीळ झाली. आधी गावठी औषध, मग अकोल्याचा दवाखाना. परत आणलं ते गाडीतून, झाकून. प्रसन्न टेप अर्धवटच राहिली होती. मयतीला मी होतो. तिथेच कोणीतरी म्हणालं, नागपूरवाल्यांनी घात केला. मी मान डोलावली. किस्सा तिथून सुरू झाला.

गेल्या वर्षी मी पत्र्याची पेटी उघडली. बायको गेल्यापासून घर आवरायला काढलं होतं. मोहर शाबूत होती. पार्सल घेऊन अकोल्याला एका माणसाकडे गेलो, तो जुन्या टेपा उतरवून देतो. त्यानं टाके उसवले, डबा उघडला, रिळाला नख लावून पाहिलं. "काका, कुठं ठेवली होती?" पत्र्याच्या छपराखाली, पत्र्याच्या पेटीत, चाळीसहून जास्त वऱ्हाडी उन्हाळे. "हे सगळं एकजीव झालंय," तो म्हणाला. "उलगडत नाही. आता हिच्यातून काही निघणार नाही."

भाऊंची मुलगी वाशिमला असते. नर्स होती, निवृत्त झाली. मी डबा घेऊन तिच्याकडे गेलो. "या ना काका, किती वर्सानं!" म्हणाली. बसा म्हणाली, पण मी उभ्यानंच सगळं सांगितलं, कारण बसलो असतो तर दुसरंच काहीतरी बोललो असतो. जमादार, पेटी, टंकलेखक, वेटोळं. बहात्तरचं रीळ फिरत असताना मी गप्प बसलो होतो, तेही.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हंजे पुरी टेप कोनीच नाई ऐकली?"

"नाही."

"तुमी बी?"

"नाही."

"बाबा शेवटी मायले हेच सांगत होते," ती म्हणाली. "पूर्न ऐकली त्याईनं, पूर्न ऐकली. दवाखान्यातल्या बाईले बी सांगत होते."

ती उठून आत गेली. आली तेव्हा तिच्या हातात एक फ्रेम होती. मी टाइप करून घेतलेलं ते आंतर्देशीय पत्र, काचेखाली. कागद पिवळा पडला होता. तिनं मागचे खिळे सुरीनं वर काढले, पत्र टेबलावर ठेवलं, त्याच्याशेजारी पेन ठेवलं.

"खाली नाव लिवा."

"माझं?"

"मंग कोनाचं?"

वेटोळ्याच्या शेजारी मी माझं पूर्ण नाव लिहिलं. ती म्हणाली, नीट, वाचता येईन असं लिवा. मी अक्षरं पुन्हा गिरवली. तिनं शाई वाळू दिली, पत्र काचेत घातलं, खिळे अंगठ्यानं दाबले. बाहेरच्या खोलीत, दारातून येणाऱ्याला दिसेल अशा भिंतीवर एक रिकामा खिळा होता, त्यावर फ्रेम अडकवली आणि दोन पावलं मागे सरून पाहिलं.

"नकाराचं पत्र, यात बाबायचा काय मान, त इथं काहून लावू म्हनून इतके दिवस आत ठेवलं होतं," ती म्हणाली. "आता येनाऱ्या-जानाऱ्यानं वाचावं."

टेपचा डबा तिनं माझ्या हातातून काढून घेतला आणि मला जाता यावं म्हणून दार उघडून उभी राहिली.